हिरूबायचा डावखुरा नायक

आमची घरमालकीण हिरूबाय टीव्हीकडे पाठ करून सिनेमा बघायची. सिनेमा आवडला नाही म्हणून नव्हे. संध्याकाळी ती काखेत घरचा आरसा घेऊन यायची, आमच्या कपाटाच्या मुठीला तो अडकवायची, समोर पाट मांडायची आणि बसायची. मागे टीव्ही, पुढे आरसा, मध्ये हिरूबाय. आरशात दिसेल तो सिनेमा. अधूनमधून कुंकू सारखं करायचीही सोय होती.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. वाशीला आमचं घर 'लवकरच' मिळणार होतं, आणि ते तसंच बरेच दिवस लवकरच मिळत राहिलं. तोवर आम्ही सानपाड्याच्या गावठाणात हिरूबायच्या कौलारू चाळीत राहिलो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको सुधा आणि लाकडी सरकत्या दारांचा एक काळा-पांढरा टीव्ही. चाळीत टीव्ही तेवढाच. टीव्ही आमचा, पण तो ठेवलेली खोली हिरूबायची. त्यामुळे पाहुणा नेमका कोण, हे कधी ठरलं नाही.

टीव्ही आला त्या शनिवारी ती नुसतीच येऊन समोर बसली होती. मराठी सिनेमा सुरू झाला. थोडा वेळ मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा डबा उलटा हाय."

यंत्रांतलं मला कळतं असा माझा समज होता. त्या समजात दुसरं कुणी सामील नव्हतं. मी शिडी लावून कौलांवर चढलो, अँटेना चारी दिशांना फिरवला आणि उतरता उतरता एक कौल पायाखाली घेतलं.

"आता?" मी वरूनच विचारलं.

"उलटा तं हायच," आतून आवाज आला. "आता मुंग्या पन लागल्या. नि कौल माजा फोरलाव."

डबा उलटा कसा, हे सुधाने तिच्याकडून हळूहळू काढून घेतलं. मला ते जमलं नसतं, कारण मी विचारण्याआधीच सांगायला लागतो.

पूर्वी गावात जत्रेला सिनेमा यायचा. एक फिरता सिनेमावाला बैलगाडीतून यंत्र आणायचा. मिठागराच्या बांधाजवळ दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणायचे. यंत्राच्या बाजूला पुरुष बसायचे आणि बायका पडद्याच्या पलीकडे, मागच्या अंगाला. तशी रीतच होती. पातळ कापडातून चित्र आरपार दिसायचं, फक्त डावं ते उजवं होऊन. बायकांच्या पाठीशी मिठाचे आगर. त्यातल्या पाण्यात तोच सिनेमा पुन्हा एकदा हलत असायचा. सिनेमा कंटाळवाणा झाला की बायका वळून पाण्यातला बघायच्या.

"पान्यातला ग्वार लागं," हिरूबाय म्हणायची. ग्वार म्हणजे गोड.

हिरूबायच्या आयुष्यातला सगळा सिनेमा असा पलीकडून बघितलेला. तिच्या नायिका पदर उजव्या खांद्यावर घेत, तिचे नायक डाव्या हाताने ठोसे मारत. चाळीतल्या बाकीच्या बायका टीव्हीला दोन-तीन शनिवारांत सरावल्या. हिरूबायने मात्र आरसा आणला. "सवं सुटत नाय," एवढंच ती म्हणाली.

त्या सगळ्या सिनेमांत एक तिचा जीव की प्राण होता. खरं तर सगळ्या गावाचाच. सिनेमावाल्याने एकदा दुसरा आणला, तर लोकांनी त्याला बैलही सोडू दिले नाहीत. दरवर्षी तोच सिनेमा, दरवर्षी तेच रडणं. पुढे नव्या शहरासाठी आगरांवर मातीचे भराव पडले, पडदा लावायची जागा गेली, आणि सिनेमा हिरूबायच्या तोंडात उरला. तांदूळ निवडताना, कोलीम, म्हणजे बारीक जवळा, वाळत घालताना ती तो सांगायची. कुठूनही सुरू करायची आणि भाकरी भाजून झाली की थांबायची.

गोष्ट साधी होती. एका तरुण नावाड्याचं नवं लग्न झालेलं. तो होडी घेऊन दूर निघतो. बायको उंबऱ्यात त्याला पाणी देते. तो जातो आणि वर्षानुवर्षं येत नाही. लोक नाही नाही ते बोलतात, ती वाट बघते, आणि शेवटी केस पिकलेला तो त्याच उंबऱ्यात येऊन उभा राहतो.

"पन तो गेला कशानी?" हिरूबाय विचारायची आणि स्वतःच सांगायची, "तिनी पानी डाव्या हातानी दिलान. निंगत्या मानसाला डाव्या हातानी देतंत काय? तितंच घात झाला."

"हिरूबाय," मी म्हणायचो, "तुम्ही पलीकडून बघत होता. तिने उजव्याच हाताने दिलं असणार."

"तुमी व्हताव काय तितं?"

"नव्हतो. पण शास्त्र आहे ते."

"शास्त्र कौलं फोरतं," ती सुधाला म्हणायची.

गावातल्या पुरुषांना मी साक्षीला बोलावलं. चाळीतले गंगारामतात्या, जुने आगरी शेतकरी, शपथेवर सांगत की पाणी उजव्या हाताने दिलं. अर्ध्या गावाचा नावाडी उजवा, अर्ध्या गावाचा डावखुरा. बाकी साऱ्यांना ही गंमत होती. हिरूबाय मात्र या एका मुद्द्यावर कधी हसली नाही. "उजव्या हातानी दिलान तं मंग तो जायाचाच नाय," ती म्हणायची. "तुमच्या सिनेमाला काय अर्थच रेत नाय."

टीकाकार म्हणून ती माझ्यापेक्षा बरी होती. मी सिनेमा संपल्यावर 'चांगला होता' एवढंच म्हणू शकतो.

आणि एका शनिवारी तोच सिनेमा टीव्हीवर लागणार असल्याचं कळलं. गाव जमलं. तात्या आले, कडेवर पोरं घेऊन सुना आल्या, आमच्याच घरात मला खिडकीत बसायला जागा मिळाली. हिरूबायने आरसा राखुंडीने घासून आणला होता. तिने तो अडकवला, पाट मांडला, नऊवारीचा काष्टा सावरून बसली. पण खोली भरत गेली तशी माणसं टीव्ही आणि तिच्यामध्ये दाटली. आरशात तात्यांचं टक्कल आणि कुणाच्या तरी अंबाड्यातली अबोली एवढंच दिसायला लागलं.

"ए आजे, फिर ना इकरं," एक सून म्हणाली.

"बग तू तुजा. मना ऐकाला येतं."

आणि ती ऐकत बसली, कपाटाकडे तोंड करून. तिला सगळं पाठ होतं. खोलीभर तो निळसर उजेड हलत होता, बाहेर खाडीवरून ओला वारा येत होता, आणि इतक्या माणसांत मुलंसुद्धा कुजबुजत नव्हती. मला वाटलं, आपण सगळेच कुठल्या तरी पाण्याच्या तळाशी बसलो आहोत.

नावाड्याने वल्हं खांद्यावर टाकलं. हे पाणी देण्याआधीचं, हे आता मलाही पाठ झालं होतं. मी तात्यांकडे बघून डोळा मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात पाट कुरकुरला. हिरूबाय उठली होती. गर्दीतून वाट काढत ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात गेली आणि खाली बसली. तोंड पडद्याकडे.

नायिका उंबऱ्यात आली आणि तिने तांब्या पुढे केला. उजव्या हाताने. चुडा दिसत होता, ओंजळीत पडणारं पाणी दिसत होतं, शंकेला जागा नव्हती. नावाडी पाणी प्यायला, हसला, आणि गेला.

"बगलीस?" तात्या विजयाने म्हणाले. हिरूबायने मागे वळून बघितलं नाही.

सिनेमा संपला. नावाडी परत आला, बायका पदराने डोळे पुसत घरी गेल्या, तात्या खोकत गेले. हिरूबाय तशीच बसून होती. मी टीव्हीची दारं सरकवली. सुधाने चहा टाकला.

"वयनी," हिरूबाय सुधाला म्हणाली, "मी भाकऱ्या थापीत व्हतू. उजवा हात पिठानी भरलेला. हे गलबतावं निंगाले, भरती भरत आलेली, घाई. मी भाकरीचा फडका डाव्या हातानी दिला."

हिरूबायचे यजमान गलबतावर खलाशी होते आणि ते परतले नाहीत, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. गलबताचंही काही कळलं नव्हतं. पण भाकरीचं तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"माजी सासू सांगत व्हती, बाय, हात धुवून दे. मी धुतला नाय." ती बंद टीव्हीकडे बघत होती. "हिनी तं उजव्या हातानी दिलान. तरी गेलाच ना गो तो?"

चहा उतू गेला, तरी सुधा हलली नाही.

"मावशी," ती म्हणाली, "भरती कुणाचा हात बघून थांबते का?"

हिरूबायने खूप वेळ विचार केला. खाडीकाठी जन्म गेलेल्या बाईने करावा तसा, एकेक भरती आठवत.

"नाय थांबत," ती म्हणाली.

मग उठली आणि आमच्या पायरीवर जाऊन बसली. खाडीत पाणी चढत होतं. भराव घालून उरलेल्या एकदोन आगरांत चांदण्या आभाळाचा तुकडा पडला होता. तिने आपला डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि उजव्या हाताने तो हळूहळू थोपटत राहिली, लेकरू निजवावं तसा.