दक्षिणेकडे पाय

आमच्या तालुक्याला लागणारी वीज अनंतकाका बेलसऱ्यांच्या झोपेतून येते. कोळसा संपल्यावर मंडळाने पुष्कळ लोकांची झोप तपासली, त्यात काकांची सर्वांत गाढ निघाली. त्यांच्या खाटेपासून निघणारी तार आमच्या पडवीवरून सबस्टेशनला जाते. आमच्या गल्लीत कोणी मोठ्याने शिंकत नाही.

तिन्हीसांजेला मात्र मालतीकाकू त्यांना उठवत. दिवेलागणीला घरात कुणी झोपलेले त्यांना चालत नसे. काका चहा घेत आणि मला विचारत, "काय श्रीधर, फार अंधार पडला का?" तेवढा वेळ तालुका समईवर काढी. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मग कोल्ड स्टोरेज आले. गेल्या सोमवारी अभियंता तिरपुडे दोन माणसे घेऊन आले.

"काकू, आता संध्याकाळी उठवायचं नाही. मागणी तेव्हाच जास्त असते."

"मग चहा?"

"तुम्ही घ्या."

त्यांच्या माणसांनी काकांसकट खाट फिरवली. काकांचे पाय दक्षिणेकडे आले. काकू आडव्या आल्या.

"अहो, असं गेलेल्या माणसाला ठेवतात."

"दाब वाढतो," तिरपुडे म्हणाले. "शेजारच्या तालुक्यात करून पाहिलंय."

"तिथला माणूस उठतो का?"

"अजून कुणी उठवलेलं नाही."

दिवे खरोखरच लख्ख झाले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला काकूंनी मला खुणेने बोलावले. चहा तयार होता. "श्रीधर, तू हाक मार. मनाई मला आहे, तुला नाही."

काकांचा श्वास फार लांबून येत होता. तळवे गार पडले होते. मी त्यांच्या पायाचा अंगठा धरून हलवला. गल्लीतले दिवे थरथरले. मी तोंड उघडणार, तोच आमच्या घरातून उषाचा आवाज आला, "अहो, कोण हलवतंय तिकडे? घरघंटी बंद पडली."

मी अंगठा सोडला. दिवे स्थिर झाले. काकूंनी माझ्याकडे पाहिले नाही. कपावर बशी झाकून त्या आत गेल्या.

काल तिरपुडे आमच्याकडे आले. पडवीत बसून त्यांनी चहा घेतला.

"बेलसरे आता फार दिवस पुरायचे नाहीत," ते म्हणाले. मग उषाकडे वळून त्यांनी हळूच विचारले, "वहिनी, यांना झोप कशी लागते?"

पंखा जरा मंदावला. उषाने वर पाहिले, मग माझ्याकडे.

"गाढ," ती म्हणाली.

त्यांच्या माणसांनी माझी खाट फिरवायला घेतली. खाट शिसवी आहे, जड आहे. एक बाजू मी धरली.