वर फांदी पाह्यली का?

लग्नात अक्षता टाकण्याआधी गुलाबभाऊ मान वर करून मांडव बघतात. कुठे झालर लोंबत असली तर अर्धं पाऊल बाजूला सरकतात आणि मगच मूठ सोडतात. तीही एकदाच, शेवटच्या 'सावधान'ला. बाकीचे पाच-सात वेळा उधळतात, त्यांची भाऊंना कीव येते.

आमच्या गोंडपिपरीत ते माझे शेजारी. गडचिरोलीत पोलिसांची हत्यारं सांभाळणं आणि जवानांना ती चालवायला शिकवणं, यातच त्यांची सारी नोकरी सरली. त्यातही जीव एकाच हत्यारावर, एका वेळी एकच गोळा उडवणाऱ्या ग्रेनेड लाँचरवर. सासरी दिलेल्या लेकीसारखं त्याचं कौतुक अजून चालू असतं.

"आधी हातानंच फेकत, बाई. हातानं किती दूर जाईन? मंग रायफलीच्या तोंडाले लावून उडवू लागले, तं खांदा सुजे. मंग हे आलं." इथे हातात बांबूची नळी येते. "मधातून मोडा, एक घाला, मिटवा, मारा. पण एकच बरं का! दुसरा भरेपर्यंत समोरचा काय थांबून राह्यला तुमच्यासाठी?"

आणि मग ठरलेला प्रश्न, "वर फांदी पाह्यली का?" गोळा कमान घेत वर चढतो; आपल्या दाट जंगलात फांदीला लागला तर आपल्याच डोक्यावर फुटायचा. हा नियम भाऊंनी अख्ख्या संसाराला लावला. मी शिक्षिका, दुसऱ्या शाळेवर बदलीचा अर्ज केला तेव्हाही म्हणाले, "करा. पण वर फांदी पाह्यली का?" त्याच शाळेवर साहेबांच्या मेहुण्याचा डोळा होता, हे मला नंतर कळलं.

माझा धाकटा भाऊ प्रमोद पोलिसात लागला आणि नेमका हाच लाँचर त्याच्या हाती आला. तो रजेवर आला की गुलाबभाऊ त्याला अंगणात गुडघ्यावर बसवून बांबूची नळी धरायला लावत. आम्ही हसून बेजार.

गेल्या उन्हाळ्यात प्रमोदच्या तुकडीवर टेकडीवरून गोळीबार झाला. त्याने लाँचर भरला, नेम धरला आणि सवयीने मान वर केली. मोहाची फांदी अगदी आडवी! तो दोन हात सरपटत बाजूला झाला, मग मारला. टेकडीवरचा गोळीबार थांबला. तुकडीतले सगळे जिवंत परतले.

मी पेढे घेऊन गेले आणि सरळ पाया पडले. "भाऊ, तुमच्यामुळे माझा प्रमोद आहे."

"त्यानं खरंच वर पाह्यलं?" त्यांनी तीनदा विचारलं. मग ओट्यावर बसले.

"सीताराम माझा पयला चेला, बाई. सारं शिकवलं त्याले. फांदीचं तेवढं सांगाचं राह्यलं. मलेच तवा कुठी मालूम होतं? सागाच्या फांदीले लागला गोळा."

इतकी वर्षं ज्या वाक्याला मी हसत होते, ते आठवून मला रडू आलं.

भाऊंनी पेढा खाल्ला नाही. डबा पिशवीत ठेवला आणि चपला शोधू लागले.

"कुठे निघालात?"

"राजुऱ्याले. सीतारामची घरवाली रायते तिथी. दरसाल जातो, पण सांगाले काईच नसते." चपला सापडल्या. "आज सांगतो, एकानं पाह्यलं."