हौशीरामनं लेकीला तेल लावलं

त्या रविवारी लेकीला तेल लावणाऱ्या बानूमावशीला यायला उशीर झाला आणि हौशीरामला वाटलं, तेलच लावायचं ना, आपण लावू. हे त्याला का वाटावं, कुणास ठाऊक. चौऱ्याहत्तर साली सबंध यवत गावात असला विचार दुसऱ्या कुठल्या बापाच्या मनात आला नसेल.

हौशीराम दौंडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून. लेक तीन महिन्यांची. रोज सकाळी बानूमावशी तिला पायांवर घेऊन अंगात तेल जिरवायची आणि पोर रडून आळी गोळा करायची. पुरुषमाणसाला तिथं मज्जाव. ते रडणं ऐकतच हौशीराम गाडी गाठायला पळायचा. त्यामुळे तेल लावलं की पोर रडते, एवढंच शास्त्र त्याला ठाऊक.

बायको चांगुणा धुणं घेऊन कालव्यावर गेलेली. यानं वाटीत तेल कोमट केलं, बायकांसारखे पाय लांब केले (खुर्चीची सवय, त्यामुळे ते निम्मेच लांब झाले) आणि लेकीला नडग्यांवर निजवलं. छाती चोळली, पाठ चोळली, अगदी जपून, फुलाला हात लावावा तसं. पोर टकामका बघत राहिली. रडेना. हौशीराम मनातून खूश. मग तिचा उजवा हात डाव्या पायाला भिडवायला तो पुढं वाकला, आणि 'कट्ट' असा आवाज झाला.

पोरीनं डोळे मिटले. त्यानं तिचा हात उचलून सोडला, तो लुळा खाली पडला. रोज टाहो फोडणारी पोर हाड मोडलं तरी रडत नाही, म्हणजे प्रकरण फारच पुढं गेलं, असं त्यानं धरलं. नाकाशी बोट नेलं. श्वास लागत होता, पण तेलकट बोटाचा काय भरवसा? उठून डॉक्टरकडं पळावं, तर पायांना मुंग्या आलेल्या. हललं तर दुसरं हाड जायचं. मग तो तसाच बसून राहिला, घामानं निथळत. ही पाटी कशी धरणार, भाकरी कशी थापणार, आणि चांगुणाला काय तोंड दाखवायचं?

बानूमावशी आली. तिच्या पाठोपाठ ओलं धुणं घेऊन चांगुणा.

"मावशी, मी पोरीचा हात मोडला," म्हणून हौशीरामनं हंबरडाच फोडला.

चांगुणाच्या हातातली बादली खाली पडली. मावशी पोरीपाशी बसली. गळ्याच्या हाडापासून करंगळीपर्यंत तिची बोटं हळूहळू फिरली. पोरीनं झोपेतच जांभई दिली आणि मावशीचा अंगठा घट्ट धरला.

"झोपलीय ती," मावशी म्हणाली. "तेल जिरलं की दोन-दोन तास झोपती. तुला कसं ठावं आसंल? तू तवा गाडीत आसतोस, न्हाईतर रविवारचा पारावर."

"आन् त्यो आवाज?"

मावशीनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि त्याचा गुडघा धरून दुमडला. 'कट्ट' झालं, आणि हौशीराम असा ओरडला की शेजारपाजारचे सगळे दारात जमले. काय झालं, हे चांगुणानं प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. हौशीराम खाली मुंडी घालून बसला.

एवढ्या गलक्यानं पोर जागी झाली. मावशीच्या खांद्यावरून डोकं ताठ उचलून तिनं बापाकडं पाहिलं.

"चांगुणा, पोरीनं मान धरली गं," मावशी म्हणाली. "बापानं तेवढी धरायची ऱ्हायलीय."