चौथ्या मजल्याची फर्माईश

फोन ठेवल्यावर किशोर उदगीरकरानं शर्टाच्या बाहीनं रिसीव्हर पुसला आणि जाहीर केलं, "येणार आहेत."

"कोण? आत्याबाई?" ज्योतीनं कणीक मळता मळता विचारलं.

"इरा रेगे!"

"हौ का," ज्योती म्हणाली आणि तिनं परातीत थोडं पाणी घातलं. लग्न झाल्यापासून हे नाव तिनं इतकं ऐकलं होतं, की ही बाई एक दिवस जेवायलाच येणार, याची तिनं मनाशी तयारी ठेवली होती.

ज्या वर्षांत देशाचे दरवाजे उघडले आणि त्यातून परदेशी सरबतं, केबलचे चॅनल आणि गल्लोगल्ली एसटीडी बूथ आत शिरले, त्याच वर्षांत इरा रेगेची एकुलती एक कॅसेट आली होती. नाव 'उशीर'. शब्द तिचे, चाली तिच्या, गळा तिचा, गिटारही तीच वाजवायची. स्वतःचं दुखणं स्वतः लिहून स्वतःच गाणारी बाई किशोरनं तोवर ऐकली नव्हती. तेव्हा तो हैदराबादच्या विद्यापीठात शिकत होता. त्या कॅसेटमधलं 'चौथा मजला' ऐकून त्याचा चहा कितीदा गार झाला, हे विद्यानगरच्या इराण्याला विचारावं. 'चौथ्या मजल्यावर ऊन राहतं, भाडं देत नाही' ही ओळ त्यानं हॉस्टेलच्या भिंतीवर कोळशानं लिहिली होती आणि वॉर्डनच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

पुढं कॅसेट कंपनीनं जुन्या गाण्यांना नवे ढोल लावून विकायला घेतलं आणि इरा रेगे दिसेनाशी झाली. सगळ्यांनी तिला सोडलं. किशोरनं सोडलं नाही. विमा कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, घरात सीडी आली, तरी कॅसेटची फीत पेन्सिलीनं गुंडाळत तो तेच गाणं ऐकत राहिला. शेवटी पुण्यात जाहिरातींच्या धंद्यात असलेल्या हर्षद नावाच्या मित्राकडून नंबर मिळाला. ती आता पापडाच्या जाहिरातींसाठी गात होती.

"काय म्हणल्या मग?" ज्योतीनं विचारलं.

"नवी गाणी केलीत म्हणे. कुणालाच ऐकवली नाहीत अजून. लोकांनी नीट ऐकली तर परत रेकॉर्डिंग करीन, नाही तर गाणं कायमचं बंद, असं म्हणायल्या."

"तुम्ही काय म्हणलात?"

"म्हणलो, ताई, इथं तुमच्यावर जीव टाकणारे लोक आहेत. कान देऊन ऐकतील. माझा शब्द आहे."

ज्योतीनं कणकेचा गोळा झाकून ठेवला. शब्द किशोरचा होता आणि कान दुसऱ्यांचे, एवढी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. पण नवरा इतका खुशीत होता, की ती तिनं बोलून दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी किशोर बरकतपुऱ्यात मराठी मंडळाच्या अध्यक्ष इंदुताईंकडे गेला. गणेशोत्सवातला एक कार्यक्रम त्याला हवा होता. इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टीव्हीवर येतात का त्या?"

"नाही येत."

"मग लोक कशाला येतील रे? ओळखीचं गाणं नसलं की आपली माणसं उठतात अन् वड्याच्या स्टॉलवर जातात. मागच्या वर्षीच्या त्या सतारवाल्याचं काय झालं, बघितलंस नं? शेवटी तो पण वडा खायला गेला."

"ओळखीचं मी करून देतो," किशोर म्हणाला.

आणि त्यानं करून दिलं. त्याच्याकडे दोन कॅसेटी बसणारा जुना डेक होता. कचेरीतून आल्यावर तो डबिंगला बसायचा आणि सकाळी स्कूटरवरून घरोघरी कॅसेटी टाकत जायचा. असलं काम त्याला नवं नव्हतं. कॉलेजपासून तो हेच करत आला होता. कुणाचा वाढदिवस असो, बारसं असो, बदली असो, किशोरकडून 'उशीर'ची कॉपी ठरलेली. हैदराबादेतलं बहुतेक मराठी घर त्यानं असं इरा रेगेला जोडून दिलं होतं, तेही फुकट. त्या कॉप्या कपाटांत पडून होत्या, त्या आता वाजायला लागल्या.

महिन्याभरात साऱ्या मंडळाला गाणी पाठ झाली, आणि तिथंच घोटाळा झाला. मंडळाचा एक जुना रिवाज होता. पाहुण्या कलावंताच्या आधी 'स्थानिक कलावंतांचा नजराणा' व्हायचाच. आता पाठ झालेली गाणी कोण पोटात ठेवणार? पहिला फोन हिम्मतरावांचा आला. त्यांची अफझलगंजला लाकडाची वखार होती आणि मंडळाचा मांडव दर वर्षी त्यांच्याच वाशांवर उभा राहायचा.

"किशोर, ते चौथ्या मजल्याचं मी म्हणतो. भजनी ठेक्यात बसवलंय. झकास बसलंय."

"काका, ते गाणं त्या स्वतः म्हणणार की."

"म्हणू दे की! मी कुठं नको म्हणायलो? मी आधी म्हणतो, त्या नंतर म्हणतील."

मांडव ज्याचा त्याला नाही कसं म्हणायचं? किशोरनं मान डोलावली. हिम्मतरावांना हो म्हटलं म्हणून त्यांच्या सुनेला, त्रिवेणीला, हो म्हणावं लागलं. त्रिवेणीला म्हटलं म्हणून इंदुताईंचं महिला मंडळ रुसलं. महिला मंडळ रुसलं तर पुऱ्या कोण लाटणार? बघता बघता 'उशीर'ची पहिली बाजू नजराण्यात गेली, मग दुसरी गेली. किशोरला याचं वाईट वाटायला हवं होतं. त्याला उलट भरून आलं. एवढं प्रेम बघून ताई काय म्हणतील, याच विचारात तो होता.

इराताई सकाळच्या गाडीनं काचीगुड्याला उतरल्या. केस अर्धे पिकलेले, खांद्याला गिटार, डोळ्यांवर चष्मा. किशोरला क्षणभर चुकल्यासारखं झालं. कॅसेटच्या कव्हरवरची बाई खिडकीत बसून हसत होती. ही बाई ऑटोच्या झटक्यानं कंबर धरत होती.

दुपारी जेवताना त्यांना कपाटात कॅसेट दिसली, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली.

"अरे, इथं मिळाली तुम्हाला? कंपनीवाले तर म्हणायचे, हैदराबादहून मागणीच नाही. मुंबई-पुण्याबाहेर कुणी ऐकत नाही मला, असं तोंडावर सांगितलं होतं त्यांनी. दुसरी कॅसेट त्यावरच अडली."

"खोटं बोलले ताई ते!" किशोर ताटावरून अर्धा उठला. "इथं घराघरात आहे तुमची कॅसेट. ओरिजिनल ही एकच. बाकी सगळ्यांना मी कॉप्या करून दिल्यात. कॉलेजपासून! एका माणसाला विकत घ्यायला लावली नाही."

इराताईंनी घास चावून संपवला. किशोरच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांनी बघितला आणि त्या हसल्या. "अस्सं होय," त्या म्हणाल्या. "आमटी छान झालीय हं."

ज्योतीनं मान खाली घातली आणि त्यांना न विचारता आणखी आमटी वाढली.

संध्याकाळी मांडव गच्च भरला. महिला मंडळानं टाळ्या वाजवत, फेर धरत दोन गाणी म्हटली. त्रिवेणीनं केबलवर बघितलेले हातवारे करत एक म्हटलं. मग हिम्मतरावांनी पेटी पुढं ओढली आणि चौथा मजला असा काही चढवला, की टाळकरी घामाघूम झाले. 'भाडं देत नाही' ही ओळ त्यांनी इतक्या वेळा घेतली, की त्यांच्या वखारीच्या भाडेकरूंनी अंग चोरलं. लोकांनी वन्स मोअर मागितला. हिम्मतरावांनी तो दिला. पहिल्या रांगेत ज्योतीशेजारी बसलेल्या इराताई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. किशोर मधूनमधून त्यांच्याकडे बघून 'कसं वाटलं?' अशी खूण करत होता.

त्या मंचावर आल्या तेव्हा मागं पुऱ्या तळायला सुरुवात झाली होती. माइक लावणारा खाजाभाई किशोरच्या कानाशी आला. "जल्दी करो उस्ताद, मेरेकू आगे शादी में जाना है. माइकां निकाल लेतुं नै तो."

"नक्को भाई, थोडा रुको," किशोर म्हणाला आणि त्याला समजवायला मांडवाच्या मागं घेऊन गेला. इराताईंनी गिटार जुळवली. "ही गाणी मी पहिल्यांदाच कुणासमोर म्हणतेय," त्या म्हणाल्या. आवाज पूर्वीपेक्षा खालचा आणि खरखरीत होता. पहिलं नवं गाणं सुरू झालं तेव्हा किशोर खाजाभाईला चहा पाजत होता. ते संपलं तेव्हा तो श्रोत्यांकडून फर्माइशींच्या चिठ्ठ्या गोळा करत होता. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "चौथा मजला!" पाठोपाठ सगळा मांडव ओरडायला लागला.

इंदुताईंनी किशोरला खूण केली. "पुऱ्या गार व्हायल्यात. त्यांना म्हणावं, ते एक म्हणा अन् आटपा."

आणि ज्यानं शब्द दिला होता, तोच किशोर वाकून मंचावर गेला. चालू गाण्यात त्यानं इराताईंच्या पुढ्यात चिठ्ठी सरकवली. 'चौथा मजला. फर्माईश : सर्व.'

त्या थांबल्या. चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुसला आणि चौथा मजला सुरू केला. पण चाल सावकाश होती, आणि शब्द बदललेले. 'चौथ्या मजल्यावर ऊन राहायचं. आता लिफ्ट आहे, ऊन नाही.'

मांडवात चुळबुळ झाली. "चुकल्या की हो!" हिम्मतराव मोठ्यानं म्हणाले. ताईंची लाज राखायला हवी होती. विंगेतून तोंडाशी हात धरून तो ओरडला, "भाडं देत नाही! ताई, भाडं देत नाही!"

ते माइकनं टिपलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू गेलं. सगळे हसले आणि सगळ्यांनी मिळून जुन्या शब्दांत, हिम्मतरावांच्या ठेक्यात, गाणं पुरं केलं. इराताईंनी गिटारवरचा हात काढून घेतला. शेवटी सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग शाल आली, नारळ आला. पंगतीत इंदुताईंनी मत दिलं, "बाई साध्या आहेत. पण हिम्मतरावांचं जास्त रंगलं."

गाडी सुटताना किशोर खिडकीशी उभा होता. "ताई, नवी कॅसेट कधी?"

"सांभाळून राहा," त्या म्हणाल्या.

पुढचे काही दिवस किशोर हवेत होता. मग महिने गेले. त्यानं दोनदा फोन केला, तर पलीकडून कुणीतरी सांगितलं, ताई आता गात नाहीत, गिटारही एका शाळेला देऊन टाकली. किशोरला मनापासून वाईट वाटलं. "लोकांना कदर नाही," तो रोज जेवताना म्हणायचा. "असल्या कलावंताला जपता आलं नाही आपल्या लोकांना."

ज्योती त्याच्या पानात भाजी वाढायची.

एका रविवारी तो डेकचे हेड स्पिरिटनं पुसत बसला होता. ज्योती आत भाजी निवडताना गुणगुणत होती. 'आवाजाला माझ्या चष्मा लागला, आता जवळचं दिसतं...' किशोरचा हात थांबला. तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला.

"परत म्हण बरं." तिनं म्हटलं. त्याच्या अंगावर काटा आला. कितीतरी वर्षांत असं काही त्यानं ऐकलं नव्हतं. "काय शब्द आहेत! कुणाचं गं हे?"

ज्योतीनं त्याच्याकडे बघितलं. "तुमच्या इराताईंचं. मांडवात पहिलंच म्हणल्या होत्या."

"कुठल्या कॅसेटवर आहे?" किशोर घाईनं म्हणाला. "आण, कॉपी करून घेतो."