मागच्या ट्रकचे दिवे

शुक्रवारी रात्री अंजिरांचा ट्रक लॉस एंजेलिसला निघायचा होता. गुरुवारी संध्याकाळी मिहराननं सासूबाईंना सिनेमाला नेलं आणि सगळं तिथंच बिघडलं.

सिनेमा ट्रकवाल्यांचा होता, म्हणून तर त्यानं नेलं. फ्रेस्नोबाहेरची ती अंजिराची बाग नुवार्दबाईंची होती, घरही त्यांचंच होतं आणि मिहरान त्यांच्या लेकीचा, अर्शालुईसचा नवरा, म्हणजे घरजावई. बागेतला माल इतकी वर्षं एका कंपनीचे ट्रक नेत असत. यंदा मिहराननं एक जुना ट्रक घेतला होता आणि बऱ्याच विनवण्या करून पहिली खेप मागून घेतली होती. ती नीट पोचली तर हंगामाचा सगळा माल त्याच्याकडे. नाही पोचली तर ट्रक विकायचा आणि पुन्हा शेडमध्ये, सासूबाईंच्या नजरेखाली, पेट्यांना खिळे ठोकत बसायचं. ट्रकवाल्याचं काम किती जिगरीचं असतं हे त्यांनी एकदा पडद्यावर पाहावं, एवढाच त्याचा हेतू होता.

पडद्यावर एक ड्रायव्हर रात्री डुलकी लागून ट्रकसकट दरीत गेला. दुसऱ्याला रस्त्यावरच्या खानावळीतल्या देखण्या पोरीनं कॉफीतून गुंगीचं औषध दिलं. आणि तिसऱ्याच्या मागं एक टोळी लागली. टोळीवाले मागून दिव्यांची उघडझाप करत, ड्रायव्हरला वाटे काहीतरी बिघडलंय, तो थांबे आणि माल गायब होई. मिहरान सूर्यफुलाच्या बिया सोलत "असलं काही नसतं" असं दर पाच मिनिटांनी सांगत होता. नुवार्दबाईंची नजर पडद्यावरून हलत नव्हती. त्या पाहून लक्षात ठेवत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. ट्रक रात्री जाणार नाही आणि एकटा जाणार नाही.

मिहराननं समजावून पाहिलं. अंजीर तोडलं तरी श्वास घेत राहतं आणि हवा जितकी गरम तितका भरभर घेतं. ऑगस्टच्या उन्हात दिवसभर राहिलं तर पेटीतून दारूचा वास येऊ लागतो. म्हणून तर सगळे रात्री जातात. शिवाय शनिवारी पाचला शीतगृहाचं फाटक बंद होतं, ते सोमवारी उघडतं. पाचनंतर पोचलेला माल सरळ डुकरांना घालायचा.

"मग पाचच्या आत पोच," सासूबाई म्हणाल्या. "उजाडताना निघू."

"निघू म्हणजे?"

"तुला डुलकी लागली तर जागं कोण करणार? मी येते."

मिहराननं बायकोकडं पाहिलं. अर्शालुईस द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून डोलमा करत होती. आईनं एखादी गोष्ट ठरवल्यावर तिचे हात नेहमीच फार कामात असत.

शनिवारी उजाडताना ट्रक निघाला. मागे अंजिरांच्या पेट्या, त्यांवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर दोरीनं बांधलेली डोलम्यांची टोपली, कारण केबिनमध्ये सासूबाई आणि त्यांची छत्री बसल्यावर टोपलीला जागा उरली नाही. डुलकीचा प्रश्न त्यांनी पहिल्या मैलातच निकालात काढला. दिवंगत सासऱ्यांचे सगळे आजार, त्यांच्या भावांनी केलेले सगळे अन्याय आणि कुणाच्या लग्नात पिलाफचा भात कसा करपला होता, हे सगळं ऐकताना झोप येणं शक्यच नव्हतं.

बेकर्सफील्डला ट्रकवाले थांबतात त्या खानावळीत मिहरानला कॉफी हवी होती. वाढणारी मुलगी हसून "काय देऊ, राजा?" म्हणाली. ती ते सगळ्यांनाच म्हणे, अगदी दूध घालणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा. नुवार्दबाईंनी कप उचलला, हुंगला आणि शेजारच्या कुंडीत ओतला.

"आई, ती साधी कॉफी होती."

"सिनेमातली पण साधीच दिसत होती. चल, घाटाच्या आधी डोलमा खाऊ."

पण मिहरानला उशिराची धास्ती होती. घाट चढून खाऊ, असं त्यानं सांगितलं. उपाशीपोटी तो घाटाला लागला.

ग्रेपव्हाइनच्या घाटात भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढतो. लहान मूल शेजारून चालत जाऊ शकेल, इतकाच वेग. त्या वेगात चढत असताना मागून एक निळा ट्रक आला आणि त्यानं दिव्यांची उघडझाप केली.

मिहराननं पाय ब्रेककडं नेला. मागचा ट्रकवाला दिवे दाखवतो तेव्हा तुमच्या गाडीचं काहीतरी सुटलेलं असतं, थांबून पाहायचं, ही त्या रस्त्यावरची साधी रीत होती.

"थांबायचं नाही," नुवार्दबाई म्हणाल्या.

"आई, ही आमची रीत आहे."

"त्या टोळीला पण तुमची रीत माहीत होती."

निळ्या ट्रकनं पुन्हा दिवे दाखवले, भोंगाही वाजवला. सासूबाईंनी छत्री हातात घेतली. मिहरानला मनातून सगळं हास्यास्पद वाटत होतं, तरी त्यानं आरशात पाहिलं. मागच्या ड्रायव्हरचा चेहरा रुंद होता आणि टोपी डोळ्यांवर ओढलेली होती. सिनेमातल्या टोळीच्या म्होरक्याची टोपी अशीच होती. मिहरानचा पाय आपोआप दुसरीकडं, अ‍ॅक्सिलरेटरवर गेला.

आणि पाठलाग सुरू झाला. ट्रक जोरात गुरगुरला, पण वेग काही वाढला नाही. मागचा ट्रकही गुरगुरला, पण अरुंद रस्त्यात पुढं जायला वाट नसल्यानं त्याचाही वेग वाढला नाही. एका वळणावर एक कुत्रा दोघांच्या मधून आरामात रस्ता ओलांडून गेला. रेडिएटरसाठी पाणी भरून ठेवलेली पिंपं दिसली तेव्हा मिहरान थांबू म्हणाला. सासूबाईंनी त्याला सिनेमात तिसऱ्या ड्रायव्हरला कुठं गाठलं होतं याची आठवण करून दिली. ते पाण्याच्या पिंपापाशीच होतं.

पिंपं मागे पडली. पुढच्याच चढावर रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडाला आणि ट्रक रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

निळा ट्रक मागं येऊन थांबला. रुंद चेहऱ्याचा माणूस खाली उतरला. नुवार्दबाई त्याच्याही आधी उतरल्या होत्या. त्यांच्या हातात आता छत्रीऐवजी जॅकचा दांडा होता. मिहरान दाराआडच थांबला, कारण उपाशीपोटी मारामारीत पडू नये. निदान त्याचं कारण तेच होतं, असं तो पुढं सांगत असे.

त्या माणसानं टोपी काढली. त्याच्या दुसऱ्या हातात डोलम्यांची टोपली होती.

"बाई, ही घाटाच्या पायथ्याशी पडली," तो म्हणाला. "तुमची दोरी सुटलीय. ताडपत्री मागून उलटलीय, माल उन्हात आहे. केव्हापासून दिवे मारतोय मी."

नुवार्दबाईंनी दांडा खाली केला नाही. टोपलीवरचं फडकं उचलून त्यांनी आत पाहिलं. "यातले कमी झालेत."

तो माणूस मानेपर्यंत लाल झाला. वास फार चांगला येत होता, म्हणाला, आणि तुम्ही काही थांबतच नव्हता. "पानं मात्र काढून टाकली मी. आतला भात चांगला होता."

दांडा खाली आला. नुवार्दबाईंना वाईट वाटलं होतं, आणि ते चोरीचं नव्हतं. "पानं काढून टाकली?" त्या हळूच म्हणाल्या. "ती पानं माझ्या वेलीची होती. मीच खारवलीत ती."

त्याचं नाव लेस्टर. मूळचा ओक्लाहोमाचा, बेकर्सफील्डला घर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याला पान कधी कुणी खाऊच घातलं नव्हतं. नुवार्दबाईंनी त्याला रस्त्याच्या कडेलाच एक डोलमा पानासकट खायला लावला आणि तो चावत असताना त्याच्या तोंडाकडं लक्ष ठेवलं. मिहरान ताडपत्री बांधत होता. त्याला कुणी एकही डोलमा दिला नाही.

मागच्या रांगेतल्या पेट्या हाताला गरम लागत होत्या. इंजिन निवायची वाट पाहिली असती तर पाच तिथंच वाजले असते. लेस्टरच्या ट्रकमध्ये रिकामी पिंपंच होती, म्हणजे ओझं असं काही नव्हतं. त्यानं साखळी काढली आणि मिहरानच्या ट्रकला टोचन करून माथ्यापर्यंत ओढून न्यायचं ठरवलं. सासूबाई पुढच्या ट्रकमध्ये बसल्या. त्याच्यावर लक्ष ठेवायला, असं त्यांनी जावयाला सांगितलं. मागून ओढला जात असताना मिहरानला पुढच्या केबिनच्या मागच्या काचेतून त्यांचे हलणारे हात दिसत होते. सासऱ्यांचे आजार सुरू झाले असावेत. लेस्टर मान डोलावत होता.

माथ्यावर साखळी सुटली, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, निवलेलं इंजिन सुरू झालं आणि उतारानं दोन्ही ट्रक धावत सुटले. शीतगृहाचा माणूस फाटकाची एक बाजू लावून दुसरीला हात घालत होता, तेवढ्यात मिहराननं ट्रक आत घातला. त्या माणसानं मागच्या पेट्या उघडल्या, एक अंजीर दाबलं, दुसरं हुंगलं आणि तिसरं खाऊन पाहिलं. मग दोन पेट्या बाजूला काढायला सांगितल्या आणि बाकीचा माल आत घेतला.

त्या रात्री लॉस एंजेलिसला नुवार्दबाईंच्या भाचीकडं मुक्काम झाला. जेवताना नुवार्दबाईंनी निकाल दिला. अंजिराला दिवसाचं ऊन सोसत नाही, एवढं तरी ट्रकवाल्याला कळायला हवं. यापुढं माल रात्रीच जाईल.

"कुणाच्या ट्रकमधून?" मिहराननं श्वास रोखून विचारलं.

"तुझ्याच, जावईबापू. ट्रक घेऊन ठेवलाय ना?"

रविवारी दोन्ही रिकामे ट्रक परत निघाले. सासूबाई पुन्हा लेस्टरकडं बसल्या. मिहरानच्या ट्रकमधल्या सीटची स्प्रिंग टोचते, असं कारण त्यांनी दिलं. ते खरंही होतं. टोपली आता लेस्टरच्या ट्रकवर बांधली होती.

घाट उतरल्यावर, उन्हामुळं टोपी डोळ्यांवर ओढून बसलेल्या मिहरानला टोपलीची दोरी सैल झालेली दिसली. त्यानं दिव्यांची उघडझाप केली. पुढचा ट्रक थांबला नाही. त्यानं भोंगा वाजवला. पुढच्या ट्रकचा वेग वाढला. टोपली गडगडत रस्त्यावर आली, ती उचलायला मिहरान थांबला आणि तोवर निळा ट्रक दिसेनासा झाला. बेकर्सफील्ड आलं. लेस्टरच्या घराकडं जाणाऱ्या वळणावर ट्रक दिसला नाही. पुढच्या शंभर मैलांतही तो कुठं थांबलेला दिसला नाही.

दिसला तो बागेच्या अंगणात. आत टेबलावर लेस्टर डोलमा खात होता, पानासकट. अर्शालुईसचे हात पुन्हा फार कामात होते.

मिहराननं टोपली टेबलावर ठेवली. "मागून किती दिवे मारले मी. थांबला का नाहीत?"

लेस्टरनं घास गिळून नुवार्दबाईंकडं पाहिलं. "या म्हणाल्या, मागं टोळी लागलीय, थांबायचं नाही."

नुवार्दबाईंनी त्याच्या ताटात आणखी दोन वाढले.

"तुझी टोपी तशीच होती," त्या जावयाला म्हणाल्या.