सरकणारे धोंडे आणि तळ्याकाठची घरं

जमीन पारखायची असेल तर तिच्यावर कधीही पाय ठेवू नये. पायाला माती लागते, माणसं भेटतात, ती चहा पाजतात आणि निर्णय बिघडतो. म्हणूनच पुण्याच्या एका घरं बांधणाऱ्या कंपनीने माण तालुक्यातल्या आमच्या गावाची 'प्राथमिक स्थळ-तपासणी' पुण्यातच, एसीत बसून, कुणालाही फुकट दिसणाऱ्या उपग्रहाच्या नकाशावर केली.

त्यात आमच्या शाळेचं मैदान 'निर्मनुष्य व निरुपयोगी' निघालं. फोटो मे महिन्यातला. (सुट्टीत शाळेत कुणी नसतं, हा शोध आम्हाला इतकी वर्षं लागला नव्हता.) सुट्टीत तिथं फक्त आप्पासोंची मेंढरं बसतात. मैदानाचे मालक मुंबईला, विकायला एका पायावर तयार. म्हणजे तिथं बंगले होणार आणि यंदा जिल्ह्याला जाणारी आमची खो-खोची टीम (जाणारच, मी आहे ना तिच्यात) डांबरी रस्त्यावर खेळणार.

कंपनीचे साहेब शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावून अहवाल दाखवू लागले. पहिला फोटो: मैदानात पांढरे धोंडे, एकशे चाळीस. दुसरा फोटो: तेच धोंडे पूर्वेला सरकलेले. तिसरा फोटो: एकवीस धोंडे वाढलेले. (काही धोंडे गाभण होते.)

"जमीन अत्यंत अस्थिर आहे," साहेब घाम पुसत म्हणाले.

आप्पासो ताडकन उठले. "धोंडं? आवं सायेब, माज्या—"

आमची कॅप्टन उत्कर्षा हिने त्यांचं धोतर ओढलं. "आवं आप्पा, गप बसा की! मैदान जाईल."

"आगं पर धोंडं म्हणतोय त्यो! नावानं वळखतो मी एकेकाला!"

"आजच्या दिस धोंडंच हायती ती. उद्या परत मेंढरं करू."

"काका काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"धोंड्यांची नावं सांगत्यात, सर."

साहेबांनी 'स्थानिक श्रद्धा' अशी नोंद केली. मग आप्पासो मैदानाकडे बघत, गावासाठी, म्हणाले, "व्हय. आन् सांच्याला वराडत्यात बी."

साहेबांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली.

मैदान 'धोकादायक' म्हणून वगळलं गेलं. त्या धोक्यावर आम्ही रोज खो-खो खेळतो. अजून कुणी गडप झालेलं नाही.

वसाहत पलीकडच्या माळावर गेली, कारण नकाशात तिथं तळं दिसलं. आमच्या दुष्काळी माणात तळं! आम्ही पळतच बघायला गेलो. लय देखणं. निळंशार, चौकोनी, चारी कोपऱ्यांवर विटा. नाथाजीकाकांनी गुरांच्या कडब्यावर टाकलेली ताडपत्री.

जाहिरात आली, 'तळ्याकाठी तुमचं घर'. निम्मी घरं गेलीसुद्धा म्हणे. तुम्ही कुठलं घेतलंत? नकाशात नीट बघूनच घेतलं असणार. तळ्यासमोरचं असेल तर जरा लवकर राहायला या. कडबा संपत आलाय, आणि कडबा संपला की नाथाजीकाका तळ्याची घडी घालून माळ्यावर ठेवतात.