महालातलं काम

हबीबचाचांकडे भांड्यावर नाव टाकून घ्यायला गेलं, की ते आधी त्या नावाच्या माणसाची चौकशी करत. नुसतं 'लक्ष्मीबाई' सांगून भागत नसे. "लक्ष्मीबाई कशी हाय? उंच हाय का ठेंगनी? बोलते का गप राह्यते?" गिऱ्हाईक वैतागायचं. "चाचा, नाव टाकायचं हाय, सोयरीक नाई करायची." मग चाचा हातोडी खाली ठेवत. "तर मंग कागदावर लिहून घ्या. भांडं तुमच्या नातवापर्यंत राह्यते. अक्षर माणसासारखं नको दिसाले?"

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. मी मेहकरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. बाजारात रतनशेटचं भांड्यांचं दुकान होतं आणि त्याच्या पायरीवर शेख हबीब, म्हणजे सगळ्या गावाचे हबीबचाचा, छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे. डोक्याला काळी टोपी, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा, मांडीवर तांब्या. नाव टाकून झालं तरी ते भांडं सोडत नसत. नावाच्या पुढे एक पान काढायचे, पानाला देठ फुटायचा, देठाला दुसरं पान, आणि बघता बघता वेल तांब्याच्या गळ्याभोवती फिरून परत नावापाशी यायची. "चाचा, वेल कोणी सांगितली?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "जागा रिकामी होती नं."

माझ्या बायकोच्या तांब्याच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "बाई कशी हाय?"

मी म्हणालो, "चांगली आहे."

"म्हंजे तुमाले मालूम नाई," असं म्हणून ते उठले आणि सरळ माझ्या घरी आले. ओसरीवर बसून चहा घेतला, बायकोशी पाऊसपाण्याच्या चार गोष्टी बोलले आणि परत गेले. संध्याकाळी तांब्या मिळाला. अक्षरं बारीक, पण एकेक सुटं, ठाम. "कमी बोलते, पन बोलली का पक्कं," चाचा म्हणाले. बायकोने तो तांब्या पाण्याला काढलाच नाही. फळीवर दर्शनी ठेवला.

सगळेच असे खूश होत नसत. डोणगावच्या एका बड्या असामीने भाचीच्या लग्नासाठी अकरा भांडी आणली. भाचीचं नाव शांता. मजकूर असा, की सुरुवातीला मामांचं नाव, गाव, हुद्दा, आणि शेवटी 'यांजकडून चि. शांता हिस'. चाचांनी कागद दोनदा वाचला.

"भांडं कोनाचं?"

"शांताचं."

"मंग तिचं नाव शेपटाले काऊन?"

मामा म्हणाले, सांगितलं तेवढं करा. चाचांनी केलं. अकराही भांड्यांच्या पोटावर मधोमध 'शांता', भोवती फुलांची वेल, आणि मामांचं नाव, गाव, हुद्दा सगळं बुडाखाली. भांडी चुलीवर दोन महिने चढली असती तर मामा काजळीत गेले असते. त्या दिवशी बाजारात जो आरडाओरडा झाला, तो रतनशेटने हात जोडून मिटवला. चाचा मात्र शेवटपर्यंत एकच वाक्य बोलत होते, "हे महालातलं काम हाय. महालात असंच करतेत."

हा महाल म्हणजे चाचांचा मोठा आधार. त्यांचे परदादा हैदराबादच्या एका नवाबाच्या महालात कारागीर होते, असं ते सांगत. काळ्या धातूवर चांदीची तार ठोकून नक्षी भरायचे, नवाब स्वतः येऊन मागे उभा राहायचा, वगैरे. गाव हे वर्षानुवर्षं ऐकत आलं होतं आणि वर्षानुवर्षं हसत आलं होतं. चाचांना त्याचं काही वाटत नसे. हसणं थांबलं की ते पुढचं सांगायला लागत.

एके सकाळी मी हॉटेलात बसून पेपर वाचत होतो. आत एक छोटीशी बातमी होती. हैदराबादच्या एका जुन्या महालात इस्लामी कारागिरीचं प्रदर्शन भरलं होतं. चांदीची तार ठोकलेली बिदरी भांडी, कोरीव लिखाणाचे कटोरे, तलवारीच्या मुठी, जाळ्या, गालिचे. महिनाभर खुलं. मी ती मोठ्याने वाचली आणि चूक केली. कोणीतरी म्हणालं, "चाचा, तुमच्या परदादाचं भांडं असंल तिथं. जाऊन घेऊन या." सगळं हॉटेल हसलं.

चाचांनी बशीतला चहा संपवला. बशी पुसली. "जाऊन पाह्यतो," म्हणाले.

दुपारी ते शाळेत हजर. "मास्तर, तिथं चिठ्ठ्या इंग्रजीत असतीन. वाचाले कोनी पाह्यजे. तुमी चला."

मी म्हणालो, रजा मिळणार नाही. ते बरं म्हणाले आणि व्हरांड्यात बसले. दुसऱ्या दिवशी आले, बसले. तिसऱ्या दिवशीही. बोलत काहीच नसत. शाळेचा पितळी तास व्हरांड्यात टांगलेला होता. चौथ्या दिवशी हेडमास्तर खोलीतून बाहेर आले तर चाचा स्टुलावर उभे राहून त्या तासाच्या कडेला छिन्नी लावून होते. तीन पानं झाली होती.

"हे काय चाललंय?"

"जागा रिकामी हाय नं, साहेब."

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. "चार दिवस रजा घ्या आणि यांना हैदराबादेला न्या. नाहीतर शाळाभर वेल येईल."

आम्ही एसटीने जालन्याला गेलो आणि तिथून गाडी पकडली. चाचांच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा, आणि दुसऱ्या फडक्यात छिन्न्या आणि हातोडी. "अवजारं कशाला?" मी विचारलं. म्हणाले, "महालात रिकाम्या हातानं जाव का?" महालाच्या फाटकावरच्या शिपायाला हे पटलं नाही. त्याने फडकं सोडून पाहिलं आणि ठेवून घेतलं. चाचांनी एकेक छिन्नी मोजून त्याच्या हातात दिली आणि बजावलं, "धार खाली ठेवू नको."

आत उंच छताचा दिवाणखाना होता. काचेची कपाटं ओळीने लावलेली. लोक एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडत होते. चाचा पहिल्या कपाटापाशी थांबले ते थांबलेच. आत एक काळी सुरई होती, तिच्या अंगावर चांदीची फुलं. पाऊण तास झाला. मी पुढे जाऊन सगळं पाहून आलो, तरी ते तिथेच. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं जमलेलं.

"चाचा, पुढं खूप आहे."

"हाव. पन हे झालं कुठं अजून?"

तिसऱ्या कपाटात एक पितळी कटोरा होता. काठाभोवती अरबी अक्षरांची ओळ. चाचांनी वाकून पाहिलं, मग दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि तिथल्या तरुण अधिकाऱ्याला हाक मारली.

"साहेब, कटोरा उलटा ठेवला."

तो म्हणाला, सुलटाच आहे. चाचा म्हणाले, तसं नाही, ओळ जिथून सुरू होते ती बाजू भिंतीकडे गेली आहे आणि लोकांना शेवट दिसतोय. "थोडा फिरवा." अधिकारी म्हणाला, कपाटाची किल्ली मोठ्या साहेबांकडे असते आणि ते उद्या येतील.

"मंग उद्या येतो," चाचा म्हणाले. मला वाटलं, तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी आम्ही फाटकावर होतो. छिन्न्या पुन्हा मोजून दिल्या. साहेब दुपारपर्यंत आले नाहीत. चाचा कपाटाच्या बाजूला जमिनीवर बसले. कोणी कटोऱ्यापाशी आलं की त्याला सांगायचे, "हा शेवट हाय. सुरुवात मांगं हाय." दोन बायका घाबरून निघून गेल्या. मला इतका संकोच झाला, की मी खांबामागे जाऊन उभा राहिलो.

तिसऱ्या प्रहरी मोठे साहेब आले. म्हातारे, काठी टेकत चालणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुरुवात मागे आहे हे तुम्हाला कसं कळलं? मागचं तर दिसत नाही."

चाचा उठून उभे राहिले. "साहेब, इकडचे अक्षरं पाहा. दाटीनं बसले हायत. जागा कमी पडली त्याले. सुरू करताना मानसाले वाटते लय जागा हाय, तो ऐसपैस लिहिते. शेवटी कोंबा लागते. माहं बी असंच होते."

 साहेबांनी किल्ली मागवली, कपाट उघडलं आणि दोन्ही हातांनी कटोरा फिरवला. मागची अक्षरं मोकळी, डौलदार, एकमेकांपासून सुटी. तिथूनच ओळ सुरू होत होती. कटोऱ्याच्या मालकाला त्यात आयुष्य आणि बरकत मागितली होती. साहेबांनी ती हळू आवाजात वाचली आणि चाचांना विचारलं, "काम काय करता?"

"नाव टाकतो. भांड्यावर."

साहेबांनी चाचांचा हात हातात घेतला. स्वतः बरोबर येऊन आम्हाला सगळी कपाटं दाखवली. शेवटी चाचांनी मला विचारलं, "मास्तर, चिठ्ठीवर कारागिराचं नाव काय हाय?"

मी वाचलं. "माहीत नाही, असं लिहिलंय."

"या कटोऱ्याचं?"

"सगळ्यांचंच."

 बाहेर बागेत हौदाच्या काठावर बसल्यावर मी म्हणालो, "म्हणजे तुमच्या परदादांचं काम यात असलं तरी ओळखता येणार नाही."

"असनारच नाई," चाचा म्हणाले. "परदादा घोडे धुवे. डोनगावच्या एका देशमुखाच्या तबेल्यात. हैदराबाद त्यानं पाह्यलं बी नोहतं."

पाऊसपाण्याचं सांगावं तशा सरळ आवाजात म्हणाले.

मेहकरला परत आलो तर हॉटेलात सगळे वाट पाहत होते. "काय चाचा, सापडलं का?" चाचा बाकावर बसले आणि त्यांनी मला सांगितलं होतं तेच जसंच्या तसं सांगितलं. परदादा घोडे धुवायचे. महालाशी काही संबंध नाही. आजवर सांगितलं ते खोटं. मी मनातून तयारीत होतो, की आता हसू उसळेल. पण कोणीच हसलं नाही. एकमेकांकडे पाहू लागले. मोठ्या साहेबांनी हात धरून महाल दाखवल्याचं माझ्याकडून हॉटेलात शिरताशिरताच बाहेर पडलं होतं.

"मोठं मानूस असंच असते," हॉटेलवाला म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं कबूल करनार नाई."

चाचांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जेवढं सांगत गेले तेवढा लोकांचा विश्वास बसत गेला. आठवड्याभरात रतनशेटने पायरीवर पाटी लावली : 'महालाच्या कारागिराचे वंशज'. चाचांनी ती काढली. त्याने परत लावली. चाचांनी ती परत काढली आणि चुलीत घातली. तेव्हा कुठे रतनशेट थांबला. तरी डोणगावच्या मामांनी मुद्दाम माणूस पाठवून दुसऱ्या भाचीची भांडी आणून दिली आणि निरोप दिला, की नाव कुठे टाकायचं ते चाचांनी ठरवावं.

एका शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. एकच खोली, स्वच्छ सारवलेली. मूलबाळ नव्हतं, बायको चार वर्षांपूर्वी वारलेली. त्यांनी स्वतः चहा केला. मी विचारलं, "चाचा, एवढी वर्षं ते का सांगत होतात? आणि आता एकदम का सोडलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अमीना वरवट बकालची. तिच्या बापाचा कापडाचा धंदा. मी पायरीवरचा मानूस. मले कोन देते पोरगी? तं मी म्हनलं, आमचे परदादा महालात कारीगर होते. त्यानं देली. मंग ती घरी आली, तिले बी तेच सांगतलं. रोज नवं नवं सांगो. ती चुलीपाशी बसून आयके. मले वाटे, आता एवढं बोललो तं काम बी तसंच आलं पाह्यजे. वेल, पानं, फुलं, सगळं तवापासून शिकलो. कोनी शिकवलं नाई."

"त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"सांगतलं. शेवटल्या आजारपनात. म्हनलं, अमीना, एक गोष्ट खोटी बोललो. ती म्हने, परदादाची? मी म्हनलं, हाव. ती म्हने, मले पयल्या हप्त्यातच मालूम झालं. तुमच्या अम्मीनं सांगतलं होतं. मी म्हनलं, मंग एवढे सालं बोलली काऊन नाई? ती म्हने, तुमी सांगता तवा तुमचं तोंड चांगलं दिसे."

 चाचांनी उरलेला चहा माझ्या कपात ओतला.

"ती गेल्यावर बी सांगत राह्यलो. लोक हासत, पन सांगाची आदत पडली होती. आता खरा महाल पाह्यला. आता खोटं कायले सांगू? पन खरं सांगाव तं..." त्यांनी चुलीकडे पाहिलं. "घरी आयकनारं कोनी नाई."

मग ते माझ्याकडे वळून नीट मांडी घालून बसले.

"बाहेर मोठं फाटक होतं," ते म्हणाले. "लोखंडाचं. त्याले पितळी फुलं ठोकले होते, एवढे एवढे. फाटकावर एक शिपाई उभा..."

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मग?"